महामायाने सांधलेला दांडा

मित्रांनो, मी एका जुन्या डिझेल जीपच्या पोटातला पोलादी दांडा आहे. गॅरेजात मला कॅमशाफ्ट म्हणतात. माझ्या अंगावर आठ उंचवटे आहेत. इंजिन चालू झालं की मी फिरतो आणि माझे उंचवटे पाळीपाळीनं वाल, म्हणजे हवेच्या झडपा, उचलतात. वाल उघडला की इंजिन श्वास घेतं, श्वास सोडतं. मी बाहेरून कुणाला दिसत नाही, त्यामुळे बिघडेपर्यंत माझी कुणी विचारपूसही करत नाही.

लालबुंद पोलादावर घणाचे घाव घालून मला घडवलं. पुढं नांदेडच्या ताहेरभाईंनी आमची जीप जुन्या बाजारातून घेतली आणि कंधार-नांदेड रस्त्यावर प्रवासी नेऊ लागले. दर जुम्म्याला नमाजाला जाण्याआधी ते इंजिनातली मापाची पट्टी काढून ऑईल बघत. ऑईल हेच आमचं अन्नपाणी. "ताहेरभाई, गाडी लोण्यावानी चालती तुमची," असं कुणी म्हटलं की मलाही बरं वाटे.

मग त्र्याण्णव साली गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीकडची जमीन हादरली.

ताहेरभाईंची विधवा बहीण गौसिया तिकडच्याच एका खेड्यात राहत होती. दगडी भिंत तिच्या उजव्या पायावर कोसळली. ताहेरभाईंनी तिला आमच्याच जीपमधून लातूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं जमिनीवरसुद्धा जागा उरली नव्हती, म्हणून पायाला आधाराच्या पट्ट्या बांधून तिला नांदेडला घरी आणलं. आणि ते स्वतः परत फिरले. दहा दिवस त्यांनी जखमी माणसं, ताडपत्र्या आणि पाण्याचे पिंप वाहिले. त्या धावपळीत जुम्मा आला आणि गेला, ऑईलची पट्टी काही निघाली नाही. मी कोरडा पडत चाललो. तिसऱ्या सिलिंडरचा माझा उंचवटा झिजून सपाट होऊ लागला. टक् टक् करून मी सांगत होतो, पण जखमींच्या कण्हण्यात ती टकटक कुणाला ऐकू येणार?

गुरुवारी दुपारी लोह्याजवळ जीप धूर ओकत थांबली. ट्रकला दोर बांधून ती नांदेडला ओढत आणावी लागली.

घरी गौसियाचा पाय सुजून टरटरला होता. नांदेडचे हाडांचे डॉक्टर भूकंपाच्या गावांकडं गेले होते, आणि मुंबईहून आलेले डॉक्टर फक्त शनिवारपर्यंत लातुरात होते. "शनिवारी सकाळी दहाच्या आत आणा," ताहेरभाईंकडून पायाची अवस्था ऐकून त्यांनी बजावलं होतं. "जखम चिघळली आहे. उशीर झाला तर पाय वाचवता येणार नाही." भाड्याच्या गाड्या सगळ्या भूकंपाच्या कामाला गेल्या होत्या, आणि एसटीत तो पाय आडवा ठेवून बसणं शक्य नव्हतं.

भीमाशंकर मिस्त्रींनी इंजिन खोलून मला बाहेर काढलं. चिंधीनं पुसून उजेडात धरलं आणि नुसतंच 'च्च' केलं.

"नवा दांडा औरंगाबादहून आणावा लागंल, ताहेरभाई. आठ दिवस तर कुठं गेले न्हाईत. आन् पैशे?"

ताहेरभाईंनी खिशातलं होतं नव्हतं ते पुढं केलं. मिस्त्रींनी मान हलवली. "एवढ्यात न्हाई भागणार. एक पोरगी हाय, कारखान्यांच्या भागात लेथ मशीन चालविती. तिला दाखवू. आता तेवढंच हाय आपल्या हातात."

ती महामाया. आयटीआयमध्ये टर्नरचं शिक्षण घेतलेली, बावीस-तेवीस वर्षांची. तिच्या शेडमध्ये येणारी माणसं आधी 'मालक कुठं हायेत?' असं विचारायची. तिनं मला बोटांनी चाचपलं, झिजलेल्या जागेवर नख फिरवलं.

"वेल्डिंगनं भर घालून परत आकार देता येईल, मामू," ती ताहेरभाईंना म्हणाली. "पण खोटं बोलत न्हाई. असलं काम मी पहिल्यांदाच करून राहिले."

"ताई, शनिवारी सकाळी माझ्या बहिणीला न्यायचंय," एवढंच ताहेरभाई म्हणाले.

तिनं शेजारच्या धड उंचवट्यावरून पत्र्याचा फर्मा कापला, म्हणजे मूळ आकार चुकू नये. मग मला आचेवर तापवलं आणि झिजलेल्या जागी थोडी थोडी भर घातली. एकदम गार झालो तर तडकेन, म्हणून तिनं मला कोरड्या चुन्यात पुरून ठेवलं. त्या चुन्यात मी धसकून पडलो होतो. मित्रांनो, आत कुठंतरी काहीतरी ताणलं जात होतं, आणि ते फक्त मला कळत होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं मला बाहेर काढून घासलं. दिसायला झकास! मिस्त्री म्हणाले, "झालं की! दे हिकडं."

"थांबा, काका."

तिनं माझ्यावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. फटीत मुरलेलं रॉकेल वर झिरपलं आणि पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक काळी रेघ उमटली. केसाएवढी.

"तडा हाय," ती म्हणाली.

"अगं, केसाएवढा तर हाय! लातूरपातूर तर जायचंय. तेवढं चालंल."

"चाकूरच्या माळावर मोडला म्हंजे? बाई गाडीत, आन् पाय तसला."

मिस्त्रींचा आवाज चढला. "दुसऱ्यांदा करशील आन् तवाबी तडकला तर? मग काय करायचं?"

दोघांनीही ताहेरभाईंकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. घरून निघताना गौसियानं त्यांचा हात धरला होता. "भाई, पाय गेला तर गेला. पण रस्त्यात नको टाकू मला," असं ती म्हणाली होती.

"पुन्हा कर, ताई," ते म्हणाले.

महामायानं सगळी भर घासून काढली. या वेळी तिनं मला जास्त वेळ तापवलं. वेल्डिंगचे टाके आखूड घेतले आणि दोन टाक्यांमध्ये थांबली. मधेच वीज गेली. ताहेरभाई शेडच्या दारात उकिडवे बसून रस्त्याकडं बघत राहिले. पाऊण तासानं पंखा फिरला, तेव्हा तिनं पुन्हा काम हाती घेतलं.

ऊन कललं तेव्हा मला चुन्यातून काढलं. घासलं. फर्मा लावला, मधून उजेड दिसेना. लेथवर फिरवून पाहिलं. कुठं वाकलेला नव्हतो. मग रॉकेल. मग खडू.

तिघंही वाकून बघत होते. पूड पांढरीच राहिली.

दिवेलागणीला मिस्त्रींनी मला जागेवर बसवलं. महामाया सोबत आली होती. "चालू केल्याबरोबर वीस मिन्टं इंजिन मंद ठेवू नका, मामू, जरा जोरात फिरू द्या. ऑईल वरपर्यंत चढू द्या," ती म्हणाली. ताहेरभाईंनी 'बिस्मिल्ला' म्हणत चावी फिरवली. मी फिरलो. पहिल्या फेऱ्यात माझा नवा उंचवटा वाल उचलणाऱ्या टॅपेटला भिडला, आणि मला वाटलं, आता तुटतो. पण ऑईलची गार धार माझ्या अंगावर आली आणि मी फिरतच राहिलो. महामाया बॉनेटला कान लावून उभी होती. वीस मिनिटं ती तशीच उभी होती.

शनिवारी फटफटायला आम्ही निघालो. मागं गादीवर गौसिया आडवी. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक चढावर ताहेरभाई श्वास रोखून माझा आवाज ऐकत होते. साडेनऊला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

गौसियाचा पाय वाचला. काठी टेकत ती आणखी कितीतरी वर्षं चालली.

पुढं लातुरात शिकवण्यांचा सुकाळ झाला. चौकाचौकांत क्लासच्या पाट्या लागल्या, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. ताहेरभाई थकले होते. त्यांनी जीप लातूरच्या एकाला विकली. आम्ही पोरांच्या ट्रंका आणि मेसचे डबे वाहू लागलो. नव्या मालकाला घाई फार. ऑईलची पट्टी वर्ष-वर्ष जागची हलली नाही. एक दिवस इंजिन पुन्हा बसलं.

मला बाहेर काढल्यावर मालक चिडून म्हणाला, "जुनी वेल्डिंगच निसटली असंल!"

मेकॅनिकनं मला पुसलं आणि हसला. "न्हाई, शेठ. वेल्डिंग जशीच्या तशी हाय. झिजलाय तो पहिल्या सिलिंडरचा उंचवटा. त्याला तर कुणी हातबी लावला नव्हता."

त्या वेळी मला सांधायला कुणी नव्हतं. आता मी लातूरच्या एका भंगारच्या दुकानात पडून आहे. कुणाविषयी तक्रार नाही. ताहेरभाईंनी मला कोरडं ठेवलं ते माणसं वाचवण्यापायी, आणि महामायानं त्याची भरपाई केली.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मोडलेल्या वस्तूकडं सगळ्यांचं लक्ष जातं. जी वस्तू कुरकुर न करता रोज राबते, तिच्याकडं आठवड्यातून एकदा तरी वाकून बघत जा.