चौकडीसाठी कापलेला शर्ट

सकाळी साडेदहाला कोशकारांनी मुलाच्या शर्टाचा मागचा, पोस्टकार्डाएवढा तुकडा कात्रीने कापला. मुलाची मुलाखत बारा वाजता होती.

शर्ट चौकडीचा होता आणि कोशाचं काम ‘चौकडी’पाशी अडलं होतं. टोळकं हा अर्थ आदल्या दिवशीच हातावेगळा झाला होता. उरला होता कापडाचा. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तिचा अर्थ छपाईला पाठवायचा नाही, ही कोशकारांची पद्धत. त्यापायी ‘कोळिष्टक’ होईपर्यंत घरातला एकही कोपरा कोणी झाडला नव्हता.

त्यांची मदतनीस म्हणजे सूनबाई. तिने लिहिलं होतं : ‘उभ्या-आडव्या रंगीत धाग्यांनी विणलेली चौकोनांची नक्षी.’ कोशकारांना ‘विणलेली’ पटेना. म्हणून त्यांनी तुकड्यातला एक धागा ओढला. धागा मध्येमध्ये पांढरा निघाला. म्हणजे नक्षी छापलेली. खात्रीसाठी त्यांनी आणखी वीसेक धागे ओढले.

मुलगा अंघोळ करून आला.

“बाबा, माझा शर्ट?”

“हा घे. छापील निघाला.”

“अहो, याला खिडकी पाडलीत तुम्ही!”

“मागे आहे. खोचलास की दिसत नाही.”

“मला फळ्यावर गणित शिकवून दाखवायचंय. हात वर केला की शर्ट बाहेर येणार!”

“मग खाली लिही.”

“उलटा करून पाहिला असता तरी कळलं असतं, बाबा,” सून म्हणाली. “छापील रंग आतून फिका असतो.”

“बरोबर आहे. पण आधी बोलली नाहीस.”

“मला वाटलं, कात्री कागदासाठी घेतलीत.”

मुलगा शिकवत होता ती शाळा बंद पडून आठ महिने झाले होते. त्यानंतर तीन शाळांनी नकार कळवला होता. ही नोकरी मिळाली नाही, तर सोमवारपासून त्याने कोशाचा ‘छ’ हाती घ्यावा, असं वडिलांनी ठरवलं होतं. मुलाला ‘छ’ नको होता. त्याचा दुसरा शर्ट इस्त्रीवाल्याकडे होता, आणि वडिलांच्या शर्टाची बटणं त्याला लागत नव्हती. तुकडा परत शिवण्याजोगा राहिला नव्हता. सुनेने शर्ट आतून पँटला पिनांनी अडकवला. तो ताठ चालत गेला.

मग दोघं व्युत्पत्तीकडे वळली.

“संस्कृत ‘चतुष्क’. त्याचा ‘चौक’. त्यापासून चौकडी,” कोशकार म्हणाले.

“चौ आणि कड. चार कडा असलेली,” सून म्हणाली.

“पुरावा?”

“तुमच्याकडे आहे?”

शेवटी ‘अनिश्चित’ असं लिहून दोन्ही मतं खाली दिली. अर्थामध्ये ‘विणलेली किंवा छापलेली’ अशी दुरुस्ती झाली.

“तुझ्या नवऱ्याचा शर्ट अगदीच वाया गेला नाही,” कोशकार म्हणाले.

“तुमच्या मुलाचा,” सून म्हणाली.

दीड वाजता मुलाचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता. पहिला तास चांगला झाला. त्रिकोण त्याने फळ्याच्या तळाशी काढला, मुलांना समजला. पण मागच्या बाकांना दिसत नाही, तेव्हा पुढचा तास फळ्याच्या वरच्या टोकापासून घ्या, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. एक पीन सुटली होती. दुसरी टोचत होती.

“कोट माग कुणाचा तरी,” बायको म्हणाली.

“कुणाचा? इथे सगळे नुसत्या शर्टावर—” आणि फोन कटला.

साडेतीनला तिने शाळेत फोन लावला. शिपायाने सांगितलं, तास अजून चालू आहे; घंटा कधीच झाली, पण सर फळ्याला टेकवलेली पाठ काढत नाहीत.