कपाटामागची भिंत

सासूबाईंचा खोकला काही केल्या हटेना. अंगणात बसल्या की बरं वाटायचं. खोलीत येऊन पलंगावर टेकल्या की ठसका सुरू. थोरली सून त्याच खोलीत शिवणाचं मशीन चालवायची. तिला वाटायचं, म्हातारपणच हे.

एका दुपारी दोऱ्याचं रीळ कपाटाखाली घरंगळलं. तिनं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी पडली होती. बोट लावलं तर ओलसर, लव असल्यासारखी. कुबट वास नाकात भरला.

"काय गं?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, जरा बुरशी धरलीय."

पण तिच्या मनात आलं, हेच रोज यांच्या छातीत जात होतं की काय?

तिनं कोरडा झाडू घेऊन भिंत खरवडली. काळी धूळ खोलीभर उडाली, दोघींना ठसका लागला. मग तिनं भिंतीवर ब्लीच ओतलं. तेवढ्यानं भागेना म्हणून वर न्हाणीघरातलं अ‍ॅसिड.

भस्सकन वाफ उठली. डोळे झोंबले, घसा कुणी आवळल्यासारखा झाला. वळून पाहते तर सासूबाईंचं तोंड उघडं, आवाज नाही.

"आई, उठा! उठा ना!"

काखेत हात घालून तिनं त्यांना फरफटतच अंगणात आणलं. धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली आणि खिडकी उघडायला आत निघाली.

"आत जाऊ नकोस!" थोरली किंचाळली. "गाडी बोलाव, दवाखान्याची!"

दवाखान्यात सासूबाईंना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी वायू होतो. लगेच बाहेर पडलात म्हणून निभावलं."

सासूबाईंनी मास्क बाजूला केला. "खोकला घालवायला निघाली होतीस, की मलाच?"

थोरलीला हसूही फुटेना. ती नुसती रडत राहिली.

घरी परतल्यावर आधी नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. भिंतीपलीकडे न्हाणीघराचा पाइप झिरपत होता, तो बदलला. मग सासूबाईंना शेजारच्या घरी बसवून दोघी जावा कामाला लागल्या. तोंडाला घट्ट मास्क, डोळ्यांना चष्मे, हातात मोजे. खोलीचं दार बंद, खिडकी सताड उघडी. धूळ उडू नये म्हणून भिंत आधी भिजवली, मग नुसत्या साबणाच्या पाण्यानं घासली. साबणाखेरीज दुसरी कुठलीही बाटली थोरलीनं खोलीत येऊच दिली नाही. कपाटाची भुसभुशीत झालेली पाठ प्लास्टिकमध्ये गुंडाळून फेकली.

भिंत पार सुकेपर्यंत सासूबाई धाकटीच्या खोलीत राहिल्या. परतल्या त्या दिवशी पलंगावर बसून त्यांनी लांब श्वास घेतला. खोकल्या, पण थोड्याच.

"वास गेला गं," त्या म्हणाल्या.

थोरली भिंतीवर तळवा टेकवून उभी होती. भिंत कोरडी होती. तरी तिला हात काढवेना.