गट नंबर एकशे बारा

पितळी तांब्या फरशीवर टेकला, ठण्णकन वाजला. 

"पाणी घ्या, आमदारबाई," मलप्पा म्हणाला.

शिवकन्या बापाच्या तोंडाकडे बघतच राहिली. चौतीस वर्षांत अप्पानं तिला 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. ती निवडून आली त्या दिवशी अर्धं निलंगा गुलालात न्हालं होतं, तेव्हाही बैलांना वैरण टाकता टाकता तो एवढंच म्हणाला होता, "आलीस व्हय गं? हात धू, भाकर खा." आणि आज परक्या पाहुण्यापुढं ठेवावा तसा तिच्यापुढं तांब्या.

"अप्पा, ते पत्र मी लिहिलं न्हाई."

"सही?"

"सही माझीच हाय."

"मग लिवलं कुणी? तलाठ्याच्या म्हशीनं?"

पत्र तसं चार ओळींचं. सात गावांसाठीचा साठवण तलाव वरच्या माळावर न करता खाली, गट नंबर एकशे बारापासून पुढच्या जमिनीत करावा, अशी आमदारांची विनंती. गावात एकशे बारा म्हटलं तर कुणाला कळलं नसतं. ते सिद्धम्माचं, शिवकन्येच्या आईचं रान. अव्वा, म्हणजे आई, गेली तेव्हा तिथंच, बांधापासून दहा पावलांवर खड्डा घेऊन लिंगायतांच्या रीतीनं तिला मांडी घालून बसवली होती, तळहातावर लिंग ठेवून. वर दगडी ओटा. रोज सकाळी मलप्पा त्या ओट्यापाशी बसून चहा प्यायचा. आदल्या दिवशीचं सगळं तिला सांगायचा, म्हैस किती लिटरवर आली तेसुद्धा.

आमदारकीची पहिली दोन वर्षं शिवकन्येनं मुंबई आणि निलंग्याच्या मध्ये चिंधीसारखी फाटत काढली होती. लोक सकाळी सहाला दारात. कुणाला नांदेडच्या दवाखान्यात खाट पाहिजे, कुणाच्या पोरीला वसतिगृह, कुणाची बदली. ती नसली की माणसं हात हलवत परत जायची. मग एका जुन्या जाणत्यानं शिकवलं तसं तिनं कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून गठ्ठा व्यंकटीकडं, आपल्या पीएकडं, द्यायला सुरुवात केली. रविवारी दुपारी पन्नास-पन्नास सह्या. मांडीवर पाच वर्षांची मंजू. आईनं सही केली की पोर जीभ बाहेर काढून, सगळं अंग रेटून शिक्का मारायची. आठवड्यातून मायलेकींना मिळणारा तेवढाच वेळ.

म्हणून तर गेल्या आठवड्यात पत्राची प्रत हातात आली तेव्हा सही खोटी आहे म्हणायला तिला तोंड उरलं नाही. सहीखालचा शिक्का उलटा, डोक्यावर उभा होता. मंजूचाच.

व्यंकटी तिच्यापुढं रडला होता. "ताई, वरच्या माळात पाणी ठरत न्हाई म्हणले इंजिनियर. आजच्या आज पत्र द्या, न्हाई तर प्रस्ताव परत जातो. तुम्ही मंजूला ताप म्हणून दवाखान्यात, फोन बंद. त्यांनी सांगितले ते नंबर मी टाकले. मी बिलोलीचा माणूस, मला काय ठाव एकशे बारात कोण बसलंय?"

तिनं लातूरपासून मुंबईपर्यंत सगळी दारं वाजवली. जो तो हात जोडून म्हणाला, "ताई, आपल्याच पत्रावर तर झालं." मार्ग एकच होता. पत्र माझं नाही, असं लिहून द्यायचं. मग व्यंकटी तुरुंगात, त्या गठ्ठ्यातून गेलेल्या प्रत्येक पत्रावर संशय, वसतिगृहातल्या पोरींच्या पत्रावरसुद्धा. आणि तलाव कायमचा गेला. त्या तलावासाठीच तर अव्वानं तिला आधी ग्रामपंचायतीला उभं केलं होतं, मग झेडपीला. प्रत्येक सभेत टाळी घेणारं वाक्यही अव्वाचंच: पाण्याला बाई जाते, तर पाणी आणायलाबी बाईच पाहिजे.

"अप्पा, मठातल्या स्वामींना विचारू. विधी करून दुसरीकडं—"

"बसवलेल्या माणसाला उठवत न्हाईत," मलप्पा म्हणाला आणि पागोटं घालून रानाकडं चालू लागला.

अकराला मोजणीवाले आले. बांधावर सात गावची माणसं जमली होती. शेजारच्या गावची म्हातारी कमलम्मा पुढं झाली आणि तिनं शिवकन्येच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "आणलीस बघ माय तलाव. माझ्या सुनंच्या डोक्यावरचा हंडा उतरवलीस."

मागून कुणीतरी म्हणालं, "सोताच्या बापाची जमीन दिली. असा आमदार दाखवा."

"बापाला विचारून दिली का, तेबी विचारा," दुसरा म्हणाला. दोघंचौघं हसले.

मोजणी अधिकारी भला माणूस होता. तो तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताई, दोन ओळी लिहून द्या, यंत्र गाडीतून काढतच नाही. एकदा खुणा लागल्या की माझ्या हातात काही नाही." त्यानं वही आणि पेन पुढं केलं.

तिनं पेन घेतलं. मलप्पा ओट्याशेजारी उभा होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज उतरला.

"लिही गं."

तिनं पेन टेकवलं. 'सदरचे पत्र' एवढं लिहून झालं. मग बोटं पुढं सरकेनात. बांधावरच्या बाया डोळ्यांवर हात धरून तिच्याचकडे बघत होत्या, त्यांना वाटत होतं ताई आता पहिली सही करतायत. अव्वा असती तर काय म्हणाली असती, हे तिला नीट ठाऊक होतं, आणि तेच अप्पाला सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

तिनं वही मिटून परत दिली.

"लावा खुणा."

 मलप्पानं पागोटं काढलं आणि ते मांडीवर घेऊन तो ओट्याला पाठ लावून मांडी घालून बसला, जशी अव्वाला बसवली होती तसाच. चुन्याची रेघ त्याच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली. शिवकन्या तिथंच उभी राहिली. तिला त्याच्याजवळ जाता येत नव्हतं आणि गाडीकडं वळताही येत नव्हतं.

मंजू गाडीतून उतरून केव्हा आली ते तिला कळलं नाही. पोरीनं तिचा पदर ओढला.

"आई, आज्जी आत बसलीय ना? मग पाणी आल्यावर तिला ऊठ म्हणून कोण सांगणार?"