दुपारपर्यंतचं मौन

कर्जत स्टेशनामागच्या वखारीत भात सडायची चार उखळं होती, आणि सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं ते सोनाबाईचं. समोरून जना मुसळ घाली, आणि दोघींच्या मधे बसून ठकी हाताने भात वरखाली करी. दोन मुसळांखाली हात घालायचा म्हणजे खेळ नव्हे. पण सोनाबाई ओवी म्हणे, आणि ओळीच्या शेवटी तिने ‘गं’ लांबवला की दोन्ही मुसळं वरच थांबत. तेवढ्यात ठकीचा हात आत जाऊन बाहेर येई. ठकीला डुलकी लागली तरी हात चालंल, असं जना चेष्टेने म्हणायची.

आषाढी एकादशीला सोनाबाईने चातुर्मासाचा नेम धरला: रोज दुपारच्या जेवणापर्यंत मौन. कुणाला विचारलं नाही. देवाच्या कामात विचारायचं काय? वखारीतल्या बाया तिच्या पाया पडून गेल्या, आणि खोटं कशाला बोला, ते तिला गोड वाटलं.

ओवी थांबली. तिघी एकमेकींच्या नजरेवर सडू लागल्या आणि त्यांचं उखळ मागे पडू लागलं. मुकादम आबाजी म्हणाला, बाया त्याच, मुसळं तीच, मग अडतंय कुठं? सोनाबाईला ते ठाऊक होतं. मौन होतं, म्हणून सांगावं लागलं नाही.

श्रावणात एका सकाळी घाट चढायला निघालेल्या इंजिनाने शिट्टी दिली. जनाचं मुसळ वर गेलेलं, नजर दाराकडे. ठकीचा हात उखळात शिरताना सोनाबाईला दिसला. एक शब्द बोलायला पुरेल एवढा वेळ होता. शब्द ओठांवर आलाही. तिने तो गिळला.

ठकीची दोन बोटं चेचली. सगळ्यांनी जनाला बोल लावला. सोनाबाई दुपारपर्यंत गप्प राहिली, आणि जेवणानंतर नेम सुटला तरी गप्पच राहिली.

त्यानंतर जनाने मुसळाला हात लावला नाही. कोपऱ्यात कोंडा पाखडत बसायची. सोनाबाई तुळशीला पाणी घाली, पण मान वर करून बघवेना.

महिन्याने ठकी आली, हाताला फडकं गुंडाळून. आबाजीने तिच्या जागी दुसऱ्या उखळावरच्या चिमाला बसायला सांगितलं. चिमा जागची हलेना. दिवस अजून कासराभरच वर आला होता, नेम सुटायला दुपार व्हायची होती. सोनाबाईने मुसळ चिमाच्या हातात दिलं, स्वतः उखळापाशी बसली आणि बोलली.

"ठके, मला दिसलं होतं गं. जनीच्या आधी दिसलं. मी बोलले नाय."

वखारीतली सगळी मुसळं थांबली. जनाने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मला ठाव हाय," ठकी म्हणाली. "तुजं तोंड उघडलेलं बघितलं मी. आन् मिटलेलं पन."

"मग बोलली का नायस?"

"तू बोलशील म्हनून थांबले."

सोनाबाईने पदराने तोंड पुसलं. आता ओवी तू म्हण, हात मी घालते, एवढंच तिने सांगितलं. जना उठली, समोर येऊन उभी राहिली. तिने मुसळ उचललं.

ठकीचा आवाज घोगरा, कधी न गायलेला.

"भात सडू मायबाई, कोंडा जाऊ दे वाऱ्याला गं…"

सोनाबाईने डोळे मिटले आणि हात उखळात घातला. भात वरखाली करून हात बाहेर आला, तरी ठकीने ‘गं’ सोडला नव्हता. बराच वेळ तिने तो ओढून धरला.