मालनचं यान

भविष्यातल्या शहराचा कचरा कोण उचलतं, हे ठरल्याशिवाय जया विज्ञानकथेचं पहिलं वाक्य लिहीत नसे. यंत्रमानव नंतर, उडत्या गाड्या नंतर. आधी घाण कुठे जाते ते सांगा! ही खोड बापाकडून आलेली. कुंडलिकआप्पा महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होते, देवनारच्या डंपिंगवर खेपा करायचे. गोवंडीच्या झोपडीत परतताना कधी फुटका मीटर, कधी कुठल्याशा यंत्राचं चाक घेऊन यायचे नि पोरीपुढे ठेवायचे, "हे कशाचं असंल, सांग." ठाऊक कुणाला होतं? मग जया बिनधास्त ठोकून द्यायची. तिथून जी सुटली ती थेट कादंबरीपर्यंत आली.

आता ती मुलुंडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती आणि आप्पांना घेऊन घाटकोपरच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होती. सकाळचा डबा भरून झाला की ओट्यापाशी उभ्यानेच लिहायची. बसून लिहिलं की पात्रं भाषणं ठोकतात, असं तिचं म्हणणं. अशी उभ्याउभ्या एक कादंबरी झाली. समुद्राने निम्मी मुंबई गिळलेली, आकाशात माणसांनी टांगलेला दुसरा चंद्र, आणि गोवंडीची मालन डंपिंगवरच्या भंगारातून यान बांधते, स्वतः चालवत त्या चंद्रावर जाते. एका दिवाळी अंकाने ती घेतली. संपूर्ण कादंबरी म्हणून! आप्पांनी अख्ख्या वसाहतीत दवंडी पिटली.

नवरात्रात जया साकीनाक्याच्या छापखान्यात प्रुफं वाचायला गेली. शेवटच्या पानावर आली आणि तिचं डोकंच फिरलं. मालन यानात बसते, यान उडतं, आणि तेवढ्यात आई हाक मारते, "ऊठ गं मालन, नळाला पाणी आलं." मालन डोळे चोळत झोपडीत उठून बसते. सगळं स्वप्न होतं म्हणे!

अंकाचे संपादक नाना शेजारच्या टेबलावर जाहिराती लावत बसले होते.

"नाना, हे कुणी लिहिलं?"

"मीच. काय टच आलाय ना शेवटाला?"

"मला न विचारता?"

"वेळ कुठे होता, जयाताई? आणि वाचकाला पटायला नको? भंगार वेचणारी पोरगी यान चालवते म्हणजे… स्वप्न केलं की सगळं नीट बसतं बघा."

"दुसरा चंद्र पटला तुम्हाला?"

"पटला की. झकास कल्पना आहे."

"बुडालेली मुंबई?"

"तीसुद्धा."

"म्हणजे फक्त मालन पटली नाही."

नाना हसले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. उर्मट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. हे महाशय उपकार केल्यासारखे हसत होते, वर चहा मागवत होते. म्हणाले, "उद्या ही पानं छपाईला जातील. हा शेवट नकोच असेल तर सकाळी सांगा, दुसऱ्या कुणाची कादंबरी घालतो. पण हट्ट करू नका. तुमची पहिलीच आहे."

ती चहा न पिताच उठली. घरी पोचेपर्यंत अंगाची नुसती लाही होत होती. कादंबरी काढून घ्यायची, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. पण दारात आप्पा शेजाऱ्यांना अंकाचं सांगत उभे दिसले नि तिचा धीर सुटला. आत नेऊन तिने सगळं सांगितलं.

"छापू दे," आप्पा म्हणाले. "नाव तर तुझंच ऱ्हाईल ना?"

"माझ्याच नावाखाली माझं तोंड दाबलंय, आप्पा!"

"वरडू नको. जागी झाल्यावर मालन कुठं आसती?"

"गोवंडीला. झोपडीत."

"आन् मग?"

"मग काही नाही. हंडा घेऊन नळावर जाते. तिथंच संपवलंय."

आप्पांनी चष्मा काढला. त्यांना इतकं संतापलेलं जयाने कधी पाहिलं नव्हतं. "तिथनं तुला भाईर काढायला माझ्या हाडाची काडं झाली. आन् ह्यो कोण लागून गेला तिला परत तिथं नेऊन टाकनारा? उचल उद्या तुझी कादंबरी."

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून तिच्याबरोबर छापखान्यात गेले. नानांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. जयाने कागदांचा गठ्ठा बगलेत मारला आणि दोघं घरी आली.

संध्याकाळी वसाहतीतल्या पायरीवर आप्पांनी जाहीर करून टाकलं, "यंदा न्हाई येनार आमची कादंबरी." लोक कुजबुजले. शेजारच्या शांताबाई, आयुष्यभर आप्पांच्याच डंपिंगवर भंगार वेचलेल्या, म्हणाल्या, "आसं व्हतं तरी काय त्यात?" मग आप्पांनी पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. बुडालेली मुंबई सांगितली, दुसरा चंद्र सांगितला, भंगारातलं यान उडवलं. जया दारात उभी राहून ऐकत होती.

शांताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "सपान पडलं आसंल पोरीला," त्या म्हणाल्या, अगदी मायेने.

आप्पा ताडकन उभे राहिले.

"शांताबाई," ते ओरडले, "ती निजली कवा व्हती?"