मुकादमांनी भरलेला ट्रेलर

आरशात ट्रेलर पहिल्यांदा हलला तेव्हा तिला वाटलं, रस्ताच खराब असेल. दुसऱ्यांदा हलला तेव्हा रस्ता गुळगुळीत होता.

“अहो, मागचं काहीतरी डोलतंय.”

“डोलणारच. घर आहे ते, पिशवी नाही,” मुकादम म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

मुकादम म्हणजे तिचा नवरा. चौतीस वर्षं त्यांनी एका गोदामात ट्रक भरून घेतले. कुठलं खोकं कुठे बसेल हे ते लांबूनच सांगायचे. हमालांनी दिलेलं नाव घरीही चिकटलं. ती स्वतः शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दाखले आणि हजेरीपट लिहिता लिहिता निवृत्त झाली. गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं, तेही पंचेचाळिसाव्या वर्षी, गोदामाच्या रिकाम्या पटांगणात.

आता डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. दोनदा ते घराजवळच्याच चौकात वाट चुकले होते. म्हणून जुनं घर सोडून दोघं लेकीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला निघाली होती. लेकीने आपली हायब्रिड एसयूव्ही आणि भाड्याचा ट्रेलर आणून दिला आणि बजावलं, “आई, ही गाडी साडेसातशे किलोच्या वर ओढत नाही. ऐंशीच्या पुढे जायचं नाही. घाट उतरताना गिअरचा दांडा ‘बी’वर टाक, म्हणजे गाडी आपली आपण आवरते. बॅटरी भरली की इंजिन ओरडेल, तेव्हा घाबरू नकोस.”

सामान मुकादमांनी एकट्याने भरलं. “हे तुझं काम नाही,” म्हणाले. ती दारात उभी राहून बघत होती. कितीतरी महिन्यांनी ते शीळ घालत होते. जवळ जाऊन ती शीळ तिला मोडवली नाही.

घाट लागला. तिने दांडा बीवर टाकला. समोरच्या पडद्यावर बॅटरीचे रकाने एकेक करून भरत गेले, शेवटचाही भरला, आणि तिने काहीच दाबलं नसताना इंजिन गुरगुरायला लागलं. सांगितलेलं होतं, तरी तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. कठड्यापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं.

तेवढ्यात एक टँकर शेजारून भर्रकन पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एका अंगाला गेला, मग दुसऱ्या, मग पहिल्याहून जास्त. कुणीतरी गाडीचं बखोट धरून हलवत असावं तसे मागून हिसके बसायला लागले.

“ब्रेक दाब,” मुकादम म्हणाले. “अगं, ब्रेक दाब.”

तिचा पाय ब्रेकवर गेलाच होता. गाडीत त्यांचा शब्द शेवटचा, अशी इतक्या वर्षांची सवय. पण याच माणसाने जेवताना शंभरदा सांगितलं होतं, की मागचं वजन डोलायला लागलं की ब्रेकला शिवायचं नाही. पुढचं थांबतं, मागचं थांबत नाही. पाय काढायचा आणि चाक सरळ धरायचं.

“नाही,” ती म्हणाली.

त्यांनी स्टिअरिंगकडे हात नेला. तिने कोपराने तो ढकलला. “अहो, हात काढा तो.”

तिने पाय उचलून घेतला. ट्रेलर ओढेल तिकडे चाक फिरवावंसं हातांना वाटत होतं, ते आवरणं सगळ्यात कठीण होतं. इंजिन ओरडत होतं. वेग अठ्ठ्याहत्तर. एकाहत्तर. कठड्याचे पांढरे दगड एकेक मागे पडत होते. चौसष्ट. ट्रेलर अजून एकदा झुलला, मग थोडा कमी, मग मुकाट मागे यायला लागला.

पुढच्या वळणानंतर रस्त्याकडेला मोकळी जागा होती. तिथे गाडी थांबवून तिने हँडब्रेक ओढला. बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. एकेक सोडवावं लागलं.

खाली उतरून तिने चाकांना दगड लावले आणि ट्रेलरचं दार उघडलं. दाराशीच, अगदी शेवटच्या टोकाला, हत्यारांच्या आठही लोखंडी पेट्या रचलेल्या होत्या. पुढच्या बाजूला गाद्या, उशा, वेताच्या खुर्च्या. ट्रेलरचं बूड खाली बसलं होतं आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला होता. आयुष्यात कधी ट्रक न भरलेल्या तिलाही ते चुकलंय हे कळत होतं.

मुकादम तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“उतारावर सरकलं असेल,” ती घाईने म्हणाली.

त्यांनी पेट्यांवरच्या दोरीवरून अंगठा फिरवला. दोरी ताठ होती. “सरकलं नाही,” ते म्हणाले. “माझी गाठ आहे ही.”

तिने उघडं दार उगाच आणखी मागे ढकललं.

“मी असं कसं भरलं गं?”

“दमला होतात तुम्ही.”

“नव्हतो दमलो.”

ते कठड्यावर बसले आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. ट्रेलर झुलतानाही तिला एवढी भीती वाटली नव्हती. तेव्हा काय करायचं ते निदान माहीत होतं.

मग तिने पदर खोचला आणि आत चढून गाद्या खाली टाकायला सुरुवात केली. “चला. पेटीची एक बाजू तुम्ही धरा, एक मी धरते.”

ते उठले. पेटी उचलली आणि तसेच थांबले.

“कुठे ठेवायची?” त्यांनी विचारलं.

सामान कुठे ठेवायचं हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

“चाकाच्या जरा पुढे,” ती म्हणाली. “दोन्हीकडे सारख्या येऊ देत.”

तासभर गेला. दोऱ्या मात्र त्यांनीच बांधल्या. गाठी त्यांच्या बोटांना येत होत्या. शेवटी ट्रेलर आडव्या फळीसारखा सपाट उभा राहिला.

“तू बस आत,” ते म्हणाले. “मी मागून दिवे बघतो.”

ती आत बसली. डावा दिवा लावला, आरशात त्यांनी डावा हात बाहेर काढला. उजवा लावला, उजवा हात. मग तिने ब्रेक दाबला. त्यांनी हात वर केला, तळवा उघडा, पाठ ताठ.

हात खाली येईल म्हणून ती वाट बघत राहिली. शेजारून दोन गाड्या उतरून गेल्या. मुकादम तसेच उभे होते, हात वर धरून, लाल दिव्यांकडे बघत. तिने हाक मारली नाही. ते बघताहेत तोवर दिवे विझू नयेत म्हणून ब्रेकवरचा पायही काढला नाही.