बिनतोंडाचा पतंग

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी सुंदरबाईचं शेत. सप्टेंबरात एका सकाळी खळ्यातल्या जांभळाच्या खोडावर तिला नागाची दोन तोंडं दिसली. ती झटकन मागे सरली. नीट पाहिलं, तर तो एक पतंग होता. नागाची तोंडं म्हणजे त्याच्या पंखांची टोकं. दोन्ही तळहात पसरले, तरी तो झाकला जाईना.

तिने भाचीला फोन लावला. दिपमाला धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"दिपा, लवकर ये वं. हाई काय शे, माले समजत नही."

दिपमाला दुपारच्या बसने आली. एकोणीस वर्षं तिने हा अॅटलस पतंग फक्त चित्रात दाखवला होता. तिने पट्टी धरून पंखांचा पसारा मोजला. चोवीस सेंटिमीटर!

"हाई काय खास वं?" सुंदरबाईने विचारलं.

"काहीच खात नाही, मावशी. याला खाण्याजोगं तोंडच उरत नाही. अळी असताना जे खाल्लं, त्यावरच आठवडाभर जगतो."

"इतला मोठा जीव, आन् तोंड नही!" मावशी कितीतरी वेळ पाहत राहिली.

पाचव्या दिवशी पतंग मेला. मावशीने तो अलगद ओट्यावर ठेवला आणि धुळ्याला परतलेल्या दिपमालाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दिपमाला खोका घेऊन पोचली, तोवर त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"अगं, खराब झाला की!" ती फुंकर मारायला वाकली. मावशीने तिचा हात धरला.

"थांब. आधी देख."

दिपमालाने भिंग काढलं. मुंगी तिळाहूनही लहान, पण भिंगाखाली तिचे जबडे उघडत मिटत होते, मिशा थरथरत होत्या. एकटीच पतंगाचा तुटलेला पाय मागे मागे ओढत होती. तो पाय तिच्या आठपट लांब होता. फटीत अडकला. तिने सोडला, वळसा घातला, दुसऱ्या टोकाला धरला. तेवढ्यात आणखी दोघी आल्या आणि पाय निघाला.

दिपमालाने भिंग मावशीच्या हातात दिलं. मावशीने ते डोळ्याशी नेलं.

"इतलुशी शे वं, आन् तोंड, पाय, मिशा, बठ्ठं शे तिले!"

चारची बस गेली. दोघी ओट्यावरच बसून राहिल्या. अंधार पडेपर्यंत पतंगाचं अंग संपलं. पंखांना मात्र मुंग्यांनी हात लावला नाही.

सकाळी दिपमाला धुळ्याला निघाली. खोक्यात फक्त पंख होते, आणि बसमध्ये शेजारच्या सीटवरची बाई विचारत होती, "काय आहे हो यात?" दिपमालाने झाकण उघडलं. नागाची दोन तोंडं पाहून ती बाई झटकन मागे सरली.